भाताशेजारी काय वाढले आहे?

पहिल्या हजार दिवसांत मुलाला काय मिळाले, याची नोंद शरीर आयुष्यभर बाळगते. धानाच्या भंडारा जिल्ह्याला या संशोधनातून घेण्यासारखे बरेच आहे.

भंडारा जिल्हा म्हटला की दोन गोष्टी लगेच आठवतात, तलाव आणि धान. तुमसर, मोहाडीपासून पवनी, लाखांदूरपर्यंत वैनगंगेच्या खोऱ्यात खरिपात नजर जाईल तिथे धानाचे बांधे दिसतात. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या भागात जेवण म्हणजे भात, आणि भात झाला की जेवण झाले, असेच बहुतेक घरांत मानले जाते. घरात तांदळाची कोठी भरलेली असेल, तर मुलाच्या आहाराची फार काळजी करायची नाही, हा त्यातूनच निघालेला हिशेब.

हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. भात पोट भरतो, काम करायला ताकद देतो. पण वाढत्या मुलाला जे लागते, त्यातले बरेचसे एकट्या भातात नाही. शंभर ग्रॅम तांदळात साधारण सात ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्यातही लायसिन हा आवश्यक घटक कमी पडतो. लोह अगदी थोडे. जीवनसत्त्व अ, क आणि बी-१२ जवळजवळ नाहीच. म्हणून वरण, भाजी, अंडे, मासळी, दूध यांपैकी भाताशेजारी काय आणि किती वाढले जाते, यावर मुलाची वाढ ठरते. मोठेपणी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका किती राहील, हेही काही प्रमाणात तिथेच ठरते, असे गेल्या चाळीस वर्षांतील संशोधन सांगते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. २५.६ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता. दुसरीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींहून अधिक आहेत. एकीकडे कुपोषण आणि दुसरीकडे ‘साखर’, असे हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. प्रत्यक्षात पहिला प्रश्नच पुढे दुसऱ्याला जन्म देतो.

हजार दिवसांचा पाया

गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ म्हणजे साधारण हजार दिवस. त्यातले २७० दिवस मूल आईच्या पोटात असते आणि उरलेले ७३० दिवस तिच्या कडेवर, पाळण्यात, अंगणात. या काळात शरीर ज्या वेगाने वाढते, तो वेग पुन्हा कधीच येत नाही. बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेंदूचा आकार प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो.

याच काळात स्वादुपिंड, मूत्रपिंड, यकृत आणि स्नायू घडत असतात. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी किती असतील, मूत्रपिंडात रक्त गाळणारी सूक्ष्म यंत्रणा किती असेल, याची बरीचशी बांधणी जन्माआधीच होते. अन्न कमी पडले तर गर्भ मेंदूला झुकते माप देतो आणि इतर अवयवांची काटकसर करतो. बाळ जगते, पण ही काटकसर नंतर भरून निघत नाही. डेव्हिड बार्कर या ब्रिटिश वैद्यकाने १९८० च्या दशकात जुन्या जन्मनोंदी शोधून काढल्या आणि जन्मतः किंवा पहिल्या वर्षी वजन कमी असलेली माणसे पुढे हृदयविकाराने अधिक दगावतात, असे दाखवून दिले. सुरुवातीला अनेकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. आज हा विचार वैद्यकशास्त्रात रुजला आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

पुण्याजवळची सहा गावे

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे पडले होते. त्यांच्याकडे येणारे मधुमेहाचे अनेक रुग्ण तरुण होते आणि पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिल्याप्रमाणे लठ्ठही नव्हते. मग मधुमेह येतो कुठून? उत्तर शोधण्यासाठी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू झाला. या माता शेतात राबणाऱ्या होत्या. गरोदर होण्यापूर्वी त्यांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहरातील बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो होते.

बाळे लहान असणार, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते वेगळेच. या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त, असे हे बाळ. भारतीय माणूस मोठेपणीही बऱ्याचदा असाच असतो. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच माप देत होता, आतली गोष्ट वेगळी होती.

या अभ्यासातून आहाराबद्दल आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी समोर आल्या. ज्या माता गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेत होत्या, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. म्हणजे फक्त पोटभर खाण्याने भागत नव्हते, अन्नाचा कसही लागत होता. दुसरे म्हणजे, सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा प्रतिरोध सर्वाधिक आढळला.

ही मुले पुढे अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्या रक्तातील साखर पुन्हा तपासण्यात आली. ३७ टक्के मुलांत आणि १८ टक्के मुलींत ती सामान्य पातळीपेक्षा जास्त निघाली. यातील बहुतेक तरुण सडपातळ होते. ‘आमचा पोरगा काडीसारखा, त्याला कुठून साखर होणार’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हा आकडा लक्षात ठेवावा.

आधी तुटवडा, मग लाड

दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची वजने-उंची बालपणभर मोजून ठेवलेली होती. ही मुले २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर सुमारे पंधराशे जणांची तपासणी झाली. ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ती माणसे पहिल्या दोन वर्षांत इतरांपेक्षा बारीक होती आणि त्यानंतर मात्र त्यांचे वजन भराभर वाढत गेले होते. बाराव्या वर्षी त्यांच्यातले कोणीही लठ्ठ नव्हते. धोका लठ्ठपणात नव्हता, तो वजन ज्या क्रमाने वाढले त्या क्रमात होता. अपुऱ्या अन्नावर घडलेल्या शरीराला नंतरची सुबत्ता पेलत नाही.

आपल्या खेड्यांत आणि छोट्या शहरांत आज हाच क्रम घडतो आहे. सहा महिन्यांच्या बाळाला भाताची पेज आणि वरणाचे वरचे पाणी. तेच बाळ दीड वर्षाचे झाले की चहात बुडवलेले बिस्कीट. तीन वर्षांचे झाले की पाच रुपयांचे खारे, कुरकुरीत पाकीट, कारण ते दिले की रडणे थांबते. पोट भरते, वजनही पुढे वाढते, पण स्नायू आणि रक्त घडवणारे घटक मिळायचे त्या वयात मिळत नाहीत. देशात सहा ते तेवीस महिने या वयातील जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो, असे कुटुंब आरोग्य पाहणी सांगते.

साखरेबद्दल तर एक विलक्षण पुरावा २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धामुळे साखर शिधापत्रिकेवर मिळत होती. सप्टेंबर १९५३ मध्ये हे नियंत्रण उठले आणि लोकांचे साखर खाणे पाहता पाहता दुप्पट झाले. त्याआधी आणि त्यानंतर थोड्या अंतराने जन्मलेल्या सुमारे साठ हजार माणसांची उतारवयातील प्रकृती संशोधकांनी ताडून पाहिली. आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला साखर कमी आली, त्यांना मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ज्यांना मधुमेह झाला, त्यांनाही तो सरासरी चार वर्षे उशिरा झाला. पाळण्यातल्या दोन वर्षांचा परिणाम साठीत मोजता आला.

अंगणवाडीतल्या उपम्याचे मोल

एवढे सगळे ऐकून असे वाटेल की हे काम मोठ्या औषधांचे आणि मोठ्या पैशांचे आहे. तसे नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून गावोगावी अंगणवाड्या उभ्या राहिल्या. तिथल्या खाऊने नेमके काय साधते, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. हैदराबादजवळच्या २९ गावांत त्याचे उत्तर मिळाले. १९८७ ते १९९० या काळात यांपैकी १५ गावांत गरोदर माता आणि सहा वर्षांखालील मुलांना उपम्यासारखा पूरक आहार रोज दिला गेला. उरलेल्या १४ गावांत ही सोय अजून पोहोचली नव्हती. मुले १३ ते १८ वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांची तपासणी केली, तेव्हा पूरक आहाराच्या गावांतली मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच होती. इन्शुलिनचा प्रतिरोध त्यांच्यात सुमारे २० टक्क्यांनी कमी होता आणि रक्तवाहिन्याही अधिक लवचीक होत्या.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशात १९६९ ते १९७७ या काळात चार गावांत असाच प्रयोग झाला. दोन गावांतील मुलांना प्रथिनयुक्त लापशी मिळाली, तर दोन गावांत प्रथिने नसलेले गोड पेय. तीसेक वर्षांनी या मुलांची कमाई तपासली, तेव्हा जन्मापासून दोन वर्षांपर्यंत लापशी मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी सरासरी ४६ टक्क्यांनी अधिक निघाली. तीन वर्षांचे झाल्यावर ज्यांना लापशी मिळू लागली, त्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. कोणता घास कोणत्या वयात मिळाला, याला म्हणूनच महत्त्व आहे.

शाळेच्या वयात पोषणाची दुसरी संधी मिळते. राज्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळी, देण्याचा निर्णय झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून सोय करण्यास सांगितले. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि सोबत बी-१२ असते. ज्या गावाला जमेल त्याने हे अंडे पुन्हा मुलांच्या ताटात आणायला हरकत नाही.

ताटात भर घालणारा जिल्हा

भंडारा जिल्ह्याचे भाग्य असे की, भाताला जोड म्हणून जे हवे, ते इथेच पिकते आणि पोसले जाते. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले. मालगुजारी गेल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यांनी धानाला पाणी दिले आणि घराला मासळी दिली.

लहान मुलांसाठी मोठ्या माशाच्या तुकड्यापेक्षा बारकी मासळी अनेकदा अधिक उपयोगी असते. ती डोक्यासकट, काट्यांसकट खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियम, लोह, जस्त आणि बी-१२ एकत्र मिळते. काही जातींत जीवनसत्त्व अ भरपूर असते. शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांनी बांगलादेशातील अशा छोट्या माशांच्या पोषणमूल्यावर अनेक वर्षे काम केले आणि त्यासाठी त्यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. घरातील तळ्यात मोठ्या माशांबरोबर छोटी मासळीही वाढवावी, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे बाजारात भाव मिळतो म्हणून तलावांत रोहू, कटला यांची बोटुकली सोडली जातात आणि बारक्या देशी जाती मागे पडतात. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ही संस्था ढिवर समाजाच्या मच्छीमारांबरोबर तलावातील देशी मासे आणि पाणवनस्पती परत आणण्याचे काम करते. वरकरणी ते पर्यावरणाचे काम आहे. पण तलावातली बारकी मासळी टिकली, तर गावातल्या मुलांच्या जेवणातही ती टिकेल.

मासळी न खाणाऱ्या घरांतही पर्याय आहेत. बांधावरच्या तुरीचे वरण, मुगाची खिचडी, बरबटीची उसळ, हरभऱ्याचे पीठ. डाळीत लायसिन भरपूर असते आणि तांदळाला जे कमी पडते ते डाळ भरून काढते. म्हणून वरण-भात ही जोडी शास्त्रीयदृष्ट्या पक्की आहे, अट एवढीच की वरण घट्ट हवे. दूध, दही, ताक यांतून बी-१२ येते. अंगणात मुनगा, म्हणजे शेवगा असेल, तर त्याचा पाला पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत हाताशी असतो. तरोटा, अंबाडी, चवळाई या भाज्यांना कोणी ‘गरिबांची भाजी’ म्हणून नाक मुरडू नये. पालेभाजीतले लोह शरीरात नीट शोषले जावे म्हणून त्यावर लिंबू पिळावे किंवा सोबत आवळा द्यावा. जेवणानंतर लगेच चहा दिला तर उलटा परिणाम होतो, चहातील टॅनिन लोहाला अडवते. लहान मुलाला चहा देऊच नये.

एकाच अन्नावर अवलंबून राहिले तर काय होते, याचा कडवट अनुभवही याच मातीत आहे. धान कापण्याआधी उभ्या पिकात लाखोळी फेकायची आणि जमिनीतल्या ओलाव्यावर ती काढायची, ही पूर्व विदर्भातली जुनी रीत. कमी पाण्यात येणारे, प्रथिने देणारे हे पीक. पण तिच्यात एक मज्जाविषारी घटक असतो. दुष्काळात दुसरे काहीच न उरल्याने लोकांनी महिनोन्‌महिने तीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तेव्हा पाय लुळे पडण्याचा लॅथिरिझम हा आजार देशाच्या अनेक भागांत दिसला. १९६१ मध्ये अन्नभेसळीच्या नियमांत तिच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली. पुढे विषाचे प्रमाण कमी असलेले वाणही निघाले. मिश्र आहारात अधूनमधून लाखोळी खाणारा माणूस आणि फक्त लाखोळीवर जगणारा माणूस यांच्यात फार फरक आहे. लहान मुलांसाठी मात्र मूग, मसूर, तूर हेच सुरक्षित.

सहा महिन्यांनंतरची वाटी

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीही नाही. हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. खरी गफलत होते ती त्यानंतर. जन्मतः बाळाच्या शरीरात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार कमी असते. म्हणून सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू व्हायला हवे. आठव्या-नवव्या महिन्याची किंवा उष्टावणाच्या मुहूर्ताची वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात. मुहूर्त लांबचा असेल तर उष्टावण आधीच करून घ्यावे.

बाळाचे पोट किती लहान असते, याचा अंदाज घरातल्यांना नसतो. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण दोनशे मिलिलिटर, म्हणजे एक मध्यम वाटी अन्न मावते. ती वाटी पातळ पेजेने भरली तर त्यात बहुतांश पाणीच गेले. म्हणून अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट असावे. वरचे पाणी बाजूला न काढता डाळ कुस्करून घालावी. त्यावर अर्धा-एक चमचा तेल किंवा तूप घालावे, म्हणजे थोड्या अन्नात जास्त ऊर्जा मिळते. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी आणि एक वर्षानंतर तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी, सोबत मधल्या वेळचे खाणे, असा साधारण मेळ ठेवावा. आईचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटना अन्नाचे आठ गट मानते. आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, डाळी व दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-केशरी फळे व हिरव्या भाज्या आणि इतर फळे-भाज्या. यांपैकी रोज किमान पाच गटांतले काहीतरी बाळाच्या पोटात जायला हवे. भंडाऱ्याच्या घरात हे अवघड नाही. आईचे दूध, मऊ भात, घट्ट वरण, त्यात कुस्करलेला मुनग्याचा पाला आणि दुपारी एक अंडे किंवा वाटीभर दही. पाच गट झाले. मासळी द्यायची असेल तर काटे नीट काढून किंवा वाळलेल्या झिंग्यांची बारीक पूड करून भातात मिसळावी. शेंगदाणे द्यायचे तर कुटून, अख्खे दाणे घशात अडकू शकतात. दोन वर्षांपर्यंत साखर, बिस्किटे आणि बाटलीबंद पेये टाळावीत. एक वर्षाखाली मध देऊ नये.

आजारपणात खाणे बंद करण्याची पद्धतही सोडायला हवी. जुलाब झाले की मूल तसेच खंगते. अशा वेळी मीठ-साखर-पाण्याबरोबर थोडे थोडे मऊ अन्न देत राहावे आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक वेळचे जेवण जास्त द्यावे. विदर्भात सिकलसेलचा आजार आढळतो. चांगले खाऊनही रक्त वारंवार कमी होत असेल, हातपाय दुखत असतील, तर फक्त आहाराला दोष न देता ती तपासणी करून घ्यावी.

दोन वर्षे उलटून गेली असतील तर

पहिली दोन वर्षे निघून गेली म्हणून सगळे संपले, असा या संशोधनाचा अर्थ नाही. त्यानंतरच्या मुलासाठी सल्ला थोडा बदलतो, इतकेच. बालपणी कृश राहिलेल्या मुलाला नंतर गोड, तळलेले खायला घालून ‘अंगावर आणण्याचा’ प्रयत्न करू नये. त्यातून चरबी वाढते, उंची नाही. प्रथिने, भाज्या आणि भरपूर खेळ यांनी स्नायू वाढतात, आणि रक्तातली साखर सर्वात जास्त वापरतात ते स्नायूच. जन्मतः वजन कमी असलेल्या माणसाने तिशीतच एकदा साखर आणि रक्तदाब तपासावा. सडपातळ असला तरीही.

किशोरवयात वाढीचा वेग पुन्हा वाढतो. इथे मुलींकडे विशेष लक्ष हवे, कारण पुढच्या बाळाचे हजार दिवस तिच्या शरीरातच सुरू होणार आहेत. मुंबईतील वस्त्यांमध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगात तरुण स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ रोज देण्यात आला. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. खाऊ घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातील मधुमेहही कमी आढळला, १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के. दिवस गेल्यावर सुरू केलेल्या गोळ्या आवश्यकच आहेत, पण खरी तयारी त्याआधी व्हायला हवी. घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईच्या ताटात भात उरतो. वरण, भाजी आणि मासळी तोवर संपलेली असते. ही एक सवय बदलली तरी पुढच्या पिढीला मोठा फायदा होईल, आणि त्याला पैसाही लागत नाही.

गावातल्या अंगणवाडीत दर महिन्याला मुलांचे वजन आणि उंची मोजली जाते. आपल्या मुलाची रेघ तक्त्यावर वर चढते आहे, आडवी झाली आहे की खाली वळली आहे, एवढे प्रत्येक आई-वडिलांनी सेविकेला विचारून घ्यावे. दोन महिने रेघ आडवी राहिली तर मूल हसते-खेळते असले तरी त्याच्या वाटीत डोकावून पाहावे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर वाट न पाहता आरोग्य केंद्र गाठावे. चाळिशीत मधुमेहाच्या गोळ्यांवर दर महिन्याला जो खर्च होतो, त्यापुढे रोजचे एक अंडे आणि पळीभर घट्ट वरण फार स्वस्त आहे.